गुहेच्या तोंडाशी दिलेली हाक

बालाघाटात एकटा राहत होतो तेव्हा एका रविवारी जीप ठरवून बैहरकडे फिरायला गेलो. मला बोलायला माणूस हवा होता आणि ड्रायव्हर मिळाला मुखदुर्बळ. तिथली एक बाग पाहिली, ज्वालामुखीचे काळे खडक पाहिले. तो जीपमध्येच बिडी ओढत बसला. पुढे एक गुहा लागली; तिथे मात्र तो खाली उतरला, तोंडाशीच त्यानं मला अडवलं आणि आत हाक दिली, "येऊन राह्यलो हो!"

"हे कशाला?"

"अस्वल राह्यते साहेब. आवाज देल्याबिगर जाऊ नये."

परतताना पाणी प्यायला त्याच्या घरी थांबलो. दाराला कुलूप. किल्ली लावण्याआधी तो हळूच म्हणाला, "येऊन राह्यलो हो."

"आत कोण आहे?"

"कोनी नाही."

तरी उत्तर यायला लागेल तेवढा वेळ थांबूनच त्यानं कुलूप काढलं.