एका रुपयाचे मालक

आमच्या हायस्कूलच्या फुटबॉल टीमकडे बूट नव्हते, आणि शारजाची टीम अनवाणी पोरांशी खेळायला तयार नव्हती. मॅच पंधरवड्यावर आलेली. टीमचा खर्च भागवायला दुबईतले काही पालक आणि आम्ही बिनलग्नाचे कारकून मिळून एक मंडळ चालवत होतो. खजिनदार मी, आणि खजिना रिकामा.

रत्नागिरीकडच्या एका व्यापाऱ्यांना सगळे चाचा म्हणत. ते म्हणाले, "अकरा जोड मी देतो. कॅप्टन मात्र माझा भाचा."

कॅप्टन तर मुलांनी आधीच मतं टाकून निवडला होता. मी मुंबईत युनियनची पत्रकं वाचत वाढलेला. असली देणगी घेणं शक्यच नव्हतं. मी पत्रक लिहिलं: "टीम कुण्या शेठची नाही! प्रत्येकाने एकच रुपया द्यावा. रुपया देईल तो मालक!" तेव्हा दुबईत रुपयाच चालायचा.

पण छापायचं कुठे? आमच्या ओळखीत सायक्लोस्टाइल मशीन एकच. चाचांच्या ऑफिसात.

चाचांनी उभ्या उभ्या वाचलं. "'थैलीशाहीचा अजगर'. हा मी?"

"हो, चाचा."

"तुझी चाची मला बेडूक म्हणते. तू बरा की!" ते पोट धरून हसले. "यल्ला, छाप. कागदाचे पैसे मात्र टाक."

पत्रक दुकानांत, धक्क्यावर, दवाखान्यात पोचलं. होडीवाल्यांनी रुपये दिले, हॉटेलातल्या वाढप्यांनी दिले. चाचांनी दहाची नोट पुढे केली, ती मी घेतली नाही. कुरकुरत ते सुटे घेऊन आले, एक रुपया दिला आणि पावती मागून घेतली. बूट आले.

मॅचच्या दिवशी सगळे मालक हजर. "डावीकडे टाक!" "अरे, उजवीकडे!" "गोलीला बदला!" हाफटाइमला कॅप्टन माझ्याकडे धावत आला. "सर, प्लीज, स्टॉप देम! एकच मालक परवडला असता!"

सर्वांत मोठा आवाज चाचांचा. भाचा विंगवर खेळत होता आणि शिव्या त्यालाच बसत होत्या.

"चाचा, जरा गप्प बसा ना."

त्यांनी खिशातून पावती काढून माझ्या नाकासमोर नाचवली. "मालक आहे मी. तूच लिहिलंयस."

एक रुपया माझाही होता. मी खुर्चीवर चढलो आणि ओरडलो, "अरे, पास दे, पास!"