टेपवर नसलेली मुलाखत

मंजुळाताईच्या नवऱ्याचा, नामदेवभाऊंचा फोन आला तेव्हा त्यांनी काही सांगायच्या आधीच काहीतरी बिघडलंय हे मला कळलं. यंत्रमागाच्या, म्हणजे लूमच्या कारखान्यात जन्म गेलेला हा माणूस फोनवर इतका ओरडून बोलायचा, की मी मोबाइल कानापासून वीतभर लांब धरत असे. त्या दिवशी ते हळू बोलले. “मंजुळा गेली. सकाळी उठलीच न्हाय...” एवढंच. पहिल्यांदाच मला फोन कानाला घट्ट लावावा लागला. याला आता दीड महिना झाला. रडायचं ते रडून झालंय. आता मंजुळाताईची आठवण आली की हसूच येतं, आणि तिला ते जास्त आवडलं असतं याबद्दल मला शंका नाही.

विद्यापीठात तेव्हा ‘माध्यम आणि लेखन’ असा दोन वर्षांचा नवाच अभ्यासक्रम निघाला होता. कुठल्याही शाखेतून या म्हटल्यामुळे वर्गात एक दाताची डॉक्टर होती, दोन इंजिनिअर होते, आणि शेतकी पदवी घेतलेला एक जण गुलाबावर कविता करायचा. सकाळी इतिहास, मग समाजशास्त्र, दुपारी ध्वनिमुद्रण. नेमकं काय शिकतेस, असं घरी कुणी विचारलं की मी रोज वेगळं उत्तर द्यायचे. पहिल्या दिवशी मी भिवंडीच्या धामणकर नाक्यावर ठाण्याच्या बसची वाट बघत उभी होते. रस्त्यापलीकडे थांबलेल्या भावाशी हातवारे करत काहीतरी बोलत होते. एवढ्यात मागून आवाज आला, “गो पोरी, तू पन त्या मीडियाच्या वर्गाला चाललीस काय?” अख्खा नाका वळून बघायला लागला. चाळिशीतली बाई, गळ्यात घसघशीत सोनं, केसांत अबोलीचा गजरा आणि पाठीवर मुलाचं जुनं दप्तर. आमचं बोलणं एवढ्या ट्रकांच्या आवाजात हिला कसं कळलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. बसमध्ये चढेपर्यंत ती माझी ताई झाली होती आणि तिच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या पोटात होती.

तिची आई दुसऱ्याच्या कारखान्यात लूमसाठी सूत गुंडाळून कांड्या भरायची. ही पाच वर्षांची असल्यापासून आईच्या पायाशी, लूमच्या खडखडाटात वाढलेली. लग्न करून आली तेही लूमच्याच घरात. बारावीनंतर सुटलेलं शिक्षण तिनं दोन मुलं मोठी करता करता घरी बसून पुरं केलं होतं. “मना लिवायचं हाय,” ती सांगायची. “आमच्या कारखान्यात लोक काय काय बोलतान, ते कुणी लिवलंच न्हाय.” वर्गात ती प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायची, विचारलं नसलं तरी. ध्वनिमुद्रणाच्या तासाला तिनं नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तरी यंत्राचा काटा लाल पट्ट्यात जाऊन आपटायचा. सर म्हणायचे, “मंजुळाबाई, माईक तुमच्यासमोरच आहे, भिवंडीला नाही.” ती सगळ्यात मोठ्यानं हसायची.

दुसऱ्या वर्षी शेवटच्या प्रकल्पासाठी एक मोठी मुलाखत ध्वनिमुद्रित करून तिच्यावर लेख लिहायचा होता. मंजुळाताईनं तिच्या कारखान्यातले जुने कारागीर इलियासचाचा निवडले. चाचा पस्तीस वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आलेले. लेख तिनं मला बसमध्ये वाचायला दिला आणि आमचा उतरायचा थांबा चुकला. त्यात एके ठिकाणी चाचा म्हणत होते, “गाँव जाता हूँ तो बीवी पूछती है, होंठ हिलाते हो, आवाज़ कहाँ छोड़ आए? मैं बोलता हूँ, भिवंडी में.” मी तिला तिथल्या तिथे मिठी मारली. मग विभागात जाऊन आम्ही कॅसेट लावली. कॅसेटवर पाऊण तास लूमचा खडखडाट होता. खटाखट, खटाखट, आणि मध्येच मंजुळाताईचा अस्पष्ट ओरडा. चाचांचा एक शब्द नाही.

आम्ही सगळे गारठलो. मंजुळाताईला मात्र काय बिघडलं हेच कळेना. “बोलला की तो! पाऊण तास बोलला!” मी म्हटलं, “ताई, ऐकू कुठे येतंय?” तिला मीच वेडी वाटले. “आयकायचं कशाला? बघायचं नं तोंडाकडं.” तेव्हा कुठे उलगडा झाला. चालू लूममध्ये कुणालाच काही ऐकू येत नाही, तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. ती लहानपणापासून तेच करत आली होती, आणि सगळं जग तसंच करतं असा तिचा समज होता. मुलाखत घेताना आवाज येत नाहीये, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं!

सरांनी पुन्हा ध्वनिमुद्रण करायला सांगितलं. आम्ही चाचांना शुक्रवारी, लूम बंद असताना, समोरच्या हॉटेलात नेऊन बसवलं. चहा आला, मी माईक धरला. चाचांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाले, “अल्लाह का करम है. सब ठीक है.” पुढे ब्र नाही. दोन चहा झाले तरी सब ठीक है. त्या शांततेत त्यांना बोलताच येईना. आणि नियम तर असा, की मुलाखत टेपवर नसेल तर प्रकल्प धरायचा नाही, आणि प्रकल्प नाही तर पदवी नाही. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मंजुळाताईनं डबाही उघडला नाही. मग एवढंच म्हणाली, “नापास केलं तर चालंल गो. पन खोटं लिवलं बोलतील, ते न्हाय चालनार.”

तोंडी परीक्षेला बाहेरगावहून एक परीक्षक आले होते. त्यांनी लेख वाचला, कॅसेट ऐकली आणि चष्मा काढून विचारलं, “बाई, हे तुम्ही घरी बसून रचलं नाही कशावरून?” आम्ही सगळे तिथेच मागे बसलो होतो. मंजुळाताई उठली आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीची काच दाखवून म्हणाली, “साहेब, तुमी नं सर त्या काचेच्या पल्याड जा. दार लावा नं बोला. मी हिकडून सांगते.” परीक्षकांना गंमत वाटली असावी, ते गेले. दार बंद झालं. आधी ते सावकाश, मोठं तोंड करून काहीतरी म्हणाले. “साहेब बोलतान, आज हवा छान आहे,” मंजुळाताई म्हणाली. मग ते सरांकडे वळले आणि बहुधा आम्हाला विसरूनच गेले. मंजुळाताई काचेला डोळे लावून सांगत होती, “साहेब बोलतान, बाई खरी वाटते, पण नियमात बसत नाही. सर बोलतान, नियम आपणच केला, आपणच मोडू. साहेब बोलतान, ते नंतर बघू, आधी चहा सांगा, डोकं दुखतंय. सर बोलतान, इथला चहा प्यायलात तर आणखी दुखेल.” आम्ही लोटपोट हसत होतो आणि आतून ते दोघं काही न कळून आमच्याकडे बघत होते. मग परीक्षकांनी पाठ फिरवली. “आता पाठ केली,” मंजुळाताई म्हणाली. “आता मना काय कळत न्हाय.”

ते बाहेर आले तेव्हा दाताच्या डॉक्टरणीनं त्यांना सगळं शब्दशः ऐकवलं. चहाची गोष्ट आली तेव्हा परीक्षकांचे कान लाल झाले, आणि मग ते असे हसले की त्यांनाच ठसका लागला. पाठ फिरवल्यावर मंजुळाताई काय म्हणाली, हेही त्यांनी मुद्दाम विचारून घेतलं. नियम मोडला, पण एका अटीवर. “हे तुम्ही कसं ऐकलंत, ते लेखात कुठेच नाही. ते लिहा.” मंजुळाताई म्हणाली, “त्यात लिवण्यासारखं काय हाय?” पण लिहिलं. दोन पानं लिहिली, आणि मी आजवर वाचलेल्या कुठल्याही दोन पानांहून मला ती जास्त आवडतात. मंजुळाताई सेकंड क्लासमध्ये पास झाली. नामदेवभाऊंनी कारखान्यात पेढे वाटले.

त्या आनंदात ती मला अकलोलीला घेऊन गेली. कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसलो. पलीकडच्या काठावर चार बायका बोलत होत्या, आणि मंजुळाताईनं मला तिथेच ओठ वाचायला शिकवायला घेतलं. मला दिवसभरात फक्त ‘साडी’ आणि ‘जाऊबाई’ एवढंच जमलं. पुढची सहा वर्षं ती जमेल तेव्हा धडे देत राहिली. मध्येच एखादीकडे बघून म्हणायची, “आता डोळे फिरव. तिच्या घरातलं बोलते, ते आपलं न्हाय.” गावातल्या एका साप्ताहिकात ती कारखान्यातल्या माणसांविषयी लिहीत राहिली, आणि प्रत्येक लेख आधी त्या माणसाला वाचून दाखवत राहिली. अर्थातच चालू लूममध्ये.

तेराव्याच्या दिवशी कारखान्यातच शोकसभा ठेवली होती. सगळे लूम बंद. त्या जागी इतकी शांतता मी कधीच ऐकली नव्हती. एक स्थानिक पुढारी माईकवर बोलायला उभे राहिले. ते तिला कधी भेटले नसावेत. “मंजुळाबाई अत्यंत मितभाषी होत्या,” ते गंभीरपणे म्हणाले. “त्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नाही.” सगळ्यांच्या माना खाली होत्या. मी समोर बघितलं. पार पलीकडच्या भिंतीला टेकून इलियासचाचा बसले होते, डोळे सुजलेले. त्यांनी शेजारच्या कारागिराकडे वळून नुसते ओठ हलवले, “ये किसकी बात कर रहा है? मरी कौन है?”

मी एकदम हसले. भर शोकसभेत, मोठ्यानं. बायका वळून बघायला लागल्या, पुढारी अडखळले, नामदेवभाऊंनी मान वर केली. मी तोंडावर पदर घेतला, पण हसू काही आवरेना. चाचा माझ्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी आवाज न करता विचारलं, “सुन लिया?”

मी पदर बाजूला केला आणि तशीच, आवाज न करता म्हणाले, “सुन लिया, चाचा.”

पुढाऱ्यांनी घसा खाकरून पुन्हा सुरुवात केली. त्या वेळी कुणी टेप चालू ठेवला असता, तर त्यावर फक्त त्यांचं भाषण आणि माझं हसू आलं असतं.