चौसष्ट बाटल्यांतला जुळा

बुकिर्वा खोटं बोलत नाही, असं तिच्याबद्दल सगळे कौतुकानं सांगतात. त्यांनी तिच्याबरोबर आठवडाभर काम करून बघावं, मग सांगावं. मी अकरा वर्षं तिच्या बाटल्या धुतेय. एखादीत डाग राहिला की ती बाटली उजेडात धरते आणि म्हणते, "नाक्कूताई, ही घाण आहे." बस्स. पुढे हसणं नाही, राग मानू नका नाही, काही नाही.

मसाका शहराच्या रस्त्याला आमची केळीच्या रोपांची प्रयोगशाळा आहे. तिथे बुकिर्वा चौदा वर्षं काचेमागे तोंड बांधून बसते. केळीचा मुनवा, म्हणजे बुंध्याशी फुटलेलं पिल्लू, सोलायचा, आतला नखाएवढा कोंब काढायचा, बाटलीत जेलीसारख्या अन्नावर ठेवायचा, फुटवे आले की वेगळे करायचे, पुन्हा बाटलीत. हत्यार दर वेळी स्पिरिटात बुडवून जाळावर धरायचं. एवढ्या वर्षांत लाखो रोपं काढली असतील बाईनं, पण स्वतः राहते भाड्याच्या खोलीत. तिथे कोथिंबीर लावायला जागा नाही. मी विचारलं, तुला वाईट नाही वाटत? तर म्हणाली, "वाटतं." आता यावर माणसानं पुढे काय बोलायचं?

तर एका शुक्रवारी सेम्वांगाबाबा आले. मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर झाडाच्या सालीच्या लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. आमच्याकडे त्या कापडात मयत गुंडाळतात. मी फाटकातच किंचाळले, "अहो बाबा, हे दवाखान्यात न्या, इथे कशाला आणलंत!"

"ओरडू नकोस गं बाटलीवाले," म्हातारा म्हणाला. "माझा जुळा आहे. आजारी आहे."

कापडात केळीचा मुनवा होता. मी गप्प बसले, कारण जुळा म्हटल्यावर आमच्यात कुणी हसत नाही. मूल जन्मलं की मागून वार पडते, ती त्या मुलाचं जुळं भावंडच. ती केळीच्या बुंध्याशी पुरतात आणि ती केळ मग जन्मभर त्या माणसाची. बाबांचे सहाही भाऊ गेलेले, बायको गेलेली, मूलबाळ नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षं अंगणात बरोबर राहिलेली ती केळ तेवढी उरली होती आणि तिच्या गड्ड्यात सोंडकिडे शिरले होते. वाऱ्यानं दोन खांब आडवे झालेले. नवे मुनवे दुसरीकडे लावले तर किडा त्यांच्याबरोबरच जायचा; किडा नसलेलं रोप मिळायचं ते आमच्या बाटल्यांतच.

बुकिर्वा बाहेर आली आणि पांढऱ्या कोटासकट मातीत गुडघे टेकून तिनं बाबांना नमस्कार केला. मग तो कोट बदलायला पुन्हा आत गेली. कोट कोण धुतं? मी.

"मला मरायच्या आधी हा अंगणात उभा दिसला पाहिजे," बाबा म्हणाले. "हाच. दुसरा नको."

"प्रयत्न करते," ती म्हणाली.

बाबा काचेला नाक लावून बघत बसले. तिनं पहिला पापुद्रा काढला, दुसरा, दहावा. मांडीएवढ्या मुनव्याचा अंगठ्याएवढा झाला, अंगठ्याचा नखाएवढा. बाबांचा चेहरा उतरत चालला. शेवटी तिनं त्या नखाएवढ्याचेही उभे चार तुकडे केले, तेव्हा ते काचेवर मुठी आपटायला लागले. "अगं ए! खून करतेस का त्याचा!" त्यांना धरून बाहेर नेलं, साखर घातलेला चहा पाजला. तो चहाही मीच केला.

त्यानंतर दर शुक्रवारी फेरी. आल्या आल्या बाटल्यांना नमस्कार, घरच्या बातम्या सांगणं, शेजाऱ्याच्या बकरीची तक्रार. बाटल्या काय बोलणार! पण आत काम जोरात होतं. चाराच्या अकरा झाल्या, अकराच्या तीस, पाचव्या महिन्यात चौसष्ट. एकेका बाटलीत एकेक हिरवंगार, बोटाएवढं रोप.

आणि मग बाबांनी विचारलं, "ह्यात तो कोणता?"

बुकिर्वानं तोंडावरचं फडकं खाली घेतलं. मी मनात म्हटलं, झालं, आता ही खरं सांगणार.

"बाबा, पेशी असते ना, ती आधी खाऊनपिऊन मोठी होते. तिच्या पोटात दोऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं, पान कसं, घड कसा. दोरा दोन पदरी. मोठी झाली की ती दोरा उसवते आणि प्रत्येक जुन्या पदराला जोडून नवा पदर विणते. एकाचे दोन दोरे झाले. मग ते दोन टोकांना ओढून नेते, मधे भिंत घालते, आणि एका घराची दोन घरं."

"म्हणजे भावाभावांची वाटणी."

"हो, पण इथे दोघांनाही सगळंच्या सगळं मिळतं."

"म्हणून भांडत नाहीत लेकाचे," बाबा म्हणाले आणि विचारात पडले. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. कसलं जातंय! "म्हणजे पोरी, पहिला दोरा गेलाच नाही. त्याचे दोन जुने पदर कुठल्यातरी बाटल्यांत आहेत."

बुकिर्वा गडबडली. चौदा वर्षांत तिच्यापुढे हा मुद्दा कुणा साहेबानं काढला नव्हता. "आहेत बाबा. पण पेशी एक नव्हती, हजारो होत्या. त्यांचे जुने पदर सगळीकडे विखुरलेत. कुठल्या बाटलीत किती, मला नाही सांगता येणार."

"शोध की. तुझं कामच आहे ते," असं म्हणून म्हातारा पाय ओढत निघून गेला. जाताना बाटल्यांना नमस्कारसुद्धा केला नाही.

मला राहवेना. "अगं, कुठल्याही एका बाटलीला दोरा बांध आणि हाच म्हणून सांग! चौसष्टही सारखेच ना? कुणाचं काय बिघडतंय?"

"मला माहीत नसताना कसं सांगू, ताई?"

"म्हातारा झुरून मरेल, मग बस खरं बोलत!"

ती पुन्हा काचेमागे जाऊन बसली. म्हणून तो दोरा मी बांधला. हो, मीच. सगळ्यांत टवटवीत बाटली निवडली, गळ्याला लाल सुतळी घट्ट आवळली. आवळताना झाकण जरा फिरलं, ते मी परत बसवलं. शुक्रवारी बाबांना हळूच दाखवली. बाबा इतके खूश झाले की त्यांनी माझ्यासाठी शेंगदाण्याची आमटी आणि उकडलेली केळी पाठवली. ती खाल्ली मी, लाज न वाटता.

पुढच्या शुक्रवारी त्या बाटलीत करड्या बुरशीची टोपी घातलेला काळा चिखल होता. बाकी त्रेसष्ट बाटल्या मजेत.

बाबा जमिनीवर बसले आणि रडायला लागले. मोठ्यानं, नाक पुसत. मला तोंड लपवायला जागा नव्हती. बुकिर्वानं सुतळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाबांसमोर गुडघ्यांवर बसली.

"बाबा, तो जुळा नव्हता. म्हणजे होता, पण बाकीचे आहेत तेवढाच. खूण खोटी होती. आमच्या चुकीनं ते रोप मेलं."

आमच्या, म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. एवढ्या वर्षांत ती माझ्या बाजूनं बोलली ती ही पहिलीच वेळ, आणि मी तेव्हा रडले, ते बाबांसाठी नव्हे.

बाबांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यात माझ्या आजीचाही उद्धार झाला. पण यायचे थांबले नाहीत. त्रेसष्ट रोपं पिशव्यांत लावून सावलीच्या जाळीखाली ठेवली, तिथेही दर शुक्रवारी हजर. फरक एवढाच की आता कुणाला नमस्कार करायचा ते कळेना, म्हणून बाबा नुसतेच उभे राहायचे. "सगळीच न्या," बुकिर्वा म्हणायची. "त्रेसष्ट परक्यांना अंगणात घेऊन काय करू?" बाबा म्हणायचे.

दोन महिन्यांनी रोपं न्यायचा दिवस आला. बुकिर्वा एकेक पिशवी उचलून पान तपासत होती. बासष्ट रोपं पोलीस भरतीच्या पोरांसारखी, एका उंचीची, एका रंगाची. त्रेसष्टावं उचललं आणि ती थांबली. खुजं, वाकडं, आणि पानांवर पांढरे पट्टे. तिनं ते बाजूला, जाळायच्या ढिगाकडे सरकवलं.

"ते का काढलंस?" बाबांनी विचारलं.

"नक्कल उतरवताना चूक झाली कुठेतरी. लाखो वेळा उतरवायचं तर एखाद्या वेळी होते. असली रोपं आम्ही बाहेर देत नाही, जाळतो."

बाबा वाकले. ती पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, पट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि हसायला लागले. दात नसलेलं तोंड, त्यामुळे हसू थेट घशापर्यंत दिसत होतं.

"आम्ही सात भाऊ," ते म्हणाले. "सहा बापासारखे. ताडमाड, शिस्तीचे, मास्तर आवडीनं नाव घ्यायचे. सातवा मी. बुटका, डावरा, शाळेतून तीनदा हाकललेला. आई म्हणायची, देव सहा भांडी घडवून दमला होता. ए बाटलीवाले, तू कसली खूण दाखवतेस मला! हा बघ. हा माझाच."

"बाबा, नाही तो..." बुकिर्वाला खोटं बोलता येईना आणि खरं बोलवेना. "याला घड धरेल असं नाही. धरला तरी खाण्याजोगा नसेल."

"मला तरी कुठे मूल झालं, पोरी? म्हणून जाळलं का कुणी मला?"

बुकिर्वानं हातमोजे काढले. मग टेबलाशी गेली आणि वहीत, त्रेसष्टाव्या रोपापुढे, सुबक अक्षरात लिहिलं, 'जाळलं'. पेन ठेवलं, पिशवी उचलली आणि स्वतः मोटरसायकलपर्यंत जाऊन बाबांच्या मांडीवर नीट ठेवून दिली.