चुलीमागे एक माणूस

"माजं काय, मी हाय हितंच," असं म्हणून ती केसांत खोचलेला टेस्टर उपसायची आणि कुणाच्या तरी बंद पडलेल्या पाण्याच्या मोटारीकडे चालू लागायची. परत आली की टेस्टर पुन्हा केसांत. इतर मुली क्लिपा हरवतात, ही टेस्टर हरवायची, आणि मग आम्ही सगळं घर उलथंपालथं करायचो.

मी मूळची परभणीकडची. पिरंगुटच्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आधी बावधनला तिघींबरोबर राहिले. तिथे फ्रिजमधलं दही कुणी संपवलं यावरून रोज पंचायत भरायची. वैतागून मी भरे गावात खोली घेतली. घरात दोघीच, ती आणि तिची आई. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि आईचे गुडघे धरलेले.

खोलीचं भाडं ठरलं, जेवणाचं काही ठरलंच नाही. पहिल्याच आठवड्यात माझी खिचडी करपली. वासावर ती दारात येऊन उभी. "ताई, ह्ये शिजलंय म्हनायचं का जळलंय?" मी काही बोलायच्या आत माझं ताट उचलून ती आपल्या चुलीकडे घेऊन गेली. त्यानंतर माझा गॅस चहापुरता उरला. मलाही फार वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोला.

तिनं आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचं शिक्षण घेतलं होतं. गावातले पंखे, पंप, मिक्सर सगळे तिच्या हाताखालून जायचे. कुणी "पुढं काय करणार गं?" विचारलं की तेच उत्तर, "माजं काय, मी हाय हितंच." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना समाधानी म्हणतो आणि पुढे विचारायचं टाळतो. मीही तसंच धरून चालले होते. मग एकदा पाण्याच्या टाकीवर ती उगीचच उभी दिसली.

"काय बघतेस?"

"काय न्हाई. हितनं किती लांबचं दिसतंय त्ये."

आयटीआयच्या सहलीत तिनं साताऱ्याकडच्या पठारावरच्या पवनचक्क्या पाहिल्या होत्या, आणि तिथल्या दुरुस्तीच्या प्रशिक्षणासाठी गुपचूप अर्जही केला होता. "आतनं शिडी असती, ताई. पार वर गेलं की झाकन उघडायचं नि डोकं भायेर काढायचं. लई भारी." हे सांगताना तिचं तोंड असं फुललं होतं की मीच मान वर करून बघितलं.

निवड झाल्याचा फोन आला, तोही ऐन भातलावणीत.

आमच्या भागात भात नाही, म्हणून मला सावड तिथेच कळली. लावणीला मजूर लावायचे नाहीत. प्रत्येक चुलीमागे एक माणूस द्यायचा, आणि सगळ्यांनी मिळून पाळीपाळीनं एकेकाचं खाचर लावायचं. त्या वर्षी पहिली पाळी हिच्याच घराची आली. गावच्या बायकांनी येऊन हिचं शेत लावून दिलं. आता त्यांच्या शेतांवर जाणं हिच्यावर होतं, आणि हजर व्हायची तारीख नेमकी त्याच दिवसांत.

"न्हाई जायाचं," ती म्हणाली आणि टेस्टर केसांत खोचून मोकळी झाली.

"मी जाईन की सावडीला," आई म्हणाली.

"तुजं गुडगं वाकत्यात व्हय?"

सावड चुकवली म्हणून कुणी भांडायला येत नाही. पुढच्या वर्षी तुमच्या खाचरात कुणी उतरत नाही, एवढंच. आणि शेत पडीक दिसलं की रस्त्यावर जमिनीच्या एजंटांच्या गाड्या थांबू लागतात. मुलीनं जायचं तर शेत जाणार, शेत राखायचं तर मुलीचं राहून जाणार. दोघी भाकरीकडे बघत बसल्या होत्या.

"तुझ्याऐवजी मी जाते," मी म्हणाले.

ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "ताई, तुमी? तुमाला मेथीची जुडी निवडता येत न्हाई!" हे मला झोंबलं. मी रागारागानं रजा टाकली.

शेतावर गेल्यावर बायकांमध्ये कुजबूज सुरू झाली. भाडेकरीण सावडीला चालते का, असा प्रसंग आधी कधी आलाच नव्हता. निवाडा होता आत्याबाईंकडे. सगळ्यांत वयस्कर त्या, सावड त्यांच्या शब्दावर चालायची. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कोनाच्या चुलीवरचं खातीस?"

मी बांधाकडे बोट केलं. ती तिथे आईशेजारी पाठीला बॅग लावून उभी होती, जायचं की नाही ते अजून ठरत नसल्यासारखी.

"मग झालं की. चुलीमागं येक मानूस. उतर खाली."

मी उतरले, रोपांची मूठ घेतली आणि जोमात लावत सुटले. आमच्याकडे पेरणी पुढे चालत करतात, म्हणून मीही पुढे चालले. थोड्या वेळानं बायकांचे हात थांबलेले दिसले. मागे वळून पाहते तो मी लावलेली सगळी रोपं माझ्याच पायांनी चिखलात गाडलेली.

"मागं सरकत लावायचं, ताई! मागं!" बांधावरून ती ओरडली. बॅग खाली टाकून, सलवार वर धरून ती उतरणार, तेवढ्यात आत्याबाई गरजल्या, "तू कुटं? चिखलाच्या पायानं यष्टीत कोन घील तुला? आमी शिकवतो हिला. तू नीघ!"

ती तशीच उभी राहिली. मी एक पाऊल मागे सरकले, रोप लावलं, आणखी एक पाऊल सरकले. मग तिनं बॅग उचलली. आत्याबाईंना, आईला, मला, सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला आणि मुख्य रस्त्याकडे गेली. मला रडू फुटलं. मी घर सोडलं तेव्हा माझ्या जागी कुणी उतरलं नव्हतं. माझी आई कापूस एकटीच वेचते.

हे मी तिला कधीतरी जेवताना बोलले असेन. दिवाळीनंतर वेचणीला मी परभणीला गेले, तर ही आमच्या दारात हजर. उन्हानं काळवंडलेली, दंड भरलेले, बोलण्यात पठाराच्या वाऱ्याचं कौतुक.

"तुमची सावड ऱ्हायलीय माज्याकडं," म्हणाली, आणि कमरेला झोळी बांधून सरळ कापसात शिरली. बोंडं टोचत होती, तरी हात थांबत नव्हते. माझी आई तिच्या जोडीनं वेचत होती. ती माझ्या लावणीची फजिती साभिनय सांगत होती आणि आई पोट धरून हसत होती. आईला इतकं हसताना मी किती वर्षांनी पाहिलं.

"राहशील ना गं चार दिवस?" आईनं विचारलं.

"माजं काय, मी हाय हितंच," ती सवयीनं बोलून गेली, आणि स्वतःच जीभ चावून हसली. तिचं परतीचं तिकीट संध्याकाळचं होतं.

आम्ही दोघी तिला स्टँडवर सोडायला गेलो. ती खिडकीत बसली. केसांत टेस्टर खोचलेला, त्याला कापसाचा एक पुंजका चिकटलेला. काढ म्हणून मी खुणावलं, तिला ते कळलं नाही, तिनं नुसताच हात हलवला. गाडी फाटकाबाहेर वळली.

आई म्हणाली, "आता तिच्या घरच्या लावणीला आपून जायाचं. भात मागं सरकत लावतात ना?"

"हो."

आईनं पदर कमरेला खोचला, आणि स्टँडवरच दोन पावलं मागे सरकून पाहिली.