‘व्हय’ न म्हटलेली फांदी

गोव्यातल्या आमच्या सर्वण गावच्या घरात जास्वंदीची कुंडी अंगणात नाही, आत आहे. पुढच्या खोलीत, जनेलाच्या गजांना टेकून. आल्यागेल्याला हसू येतं. पण ती आणली तेव्हा खाणी जोरात चालू होत्या आणि दारावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जायचे. तुळशीवृंदावनावर बोटानं नाव लिहावं इतकी लाल धूळ बसायची. त्यातला एक ट्रक आमचे हे चालवायचे. म्हणजे दिवसभर धूळ उडवायची यांनी, आणि संध्याकाळी घरी येऊन ओल्या फडक्यानं जास्वंदीची पानं पुसायची तीही यांनीच. “आधी स्वतःचं तोंड पुसा,” मी म्हणायची.

रोप माझ्या नणंदेनं दिलेलं. ती यांची थोरली बहीण, केरीला दिलेली. तिच्या परसात जास्वंद कौलांच्या वर गेलेली आहे. “घरात ठेवतलस? कौलां फोडून भायर येतली ती!” असं तिनं यांना बजावलं होतं. हे म्हणाले, “माझ्या खांद्याक लागली काय पुरे. त्याच्या वर जावक दिवचंय नाय.” आणि दिली नाही. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात गंजत उभा राहिला, तरी झाड मात्र यांच्या खांद्याएवढंच होतं.

दरवर्षी शिगमो, म्हणजे आमच्याकडचा शिमगा, झाला की एका सकाळी हे कुंडी आडवी करायचे. मुळांचा गठ्ठा बाहेर काढून कडेची मुळं सुरीनं छाटायची, नवी माती आणि शेणखत घालायचं, आणि झाड परत त्याच कुंडीत. मोठी कुंडी घ्या म्हटलं तर, “कुंडी वाढवलंव काय झाड माजता,” हे ठरलेलं उत्तर. मग फांद्या. कोंब फुटायचा डोळा बाहेरच्या बाजूला बघतो आहे ना ते पाहून त्याच्या जरा वर कात्री. कापलं तिथं दोन धुमारे यायचे, आणि कापलेल्या जागी एक गाठ राहायची. सगळं झाड अशा गाठींनी भरलेलं आहे.

पण कात्री लावण्याआधी गाऱ्हाणं. यांचं गाव तेरेखोल नदीच्या पलीकडचं, सिंधुदुर्गातलं. तिथं देवाला मोठ्यानं साकडं घातल्याशिवाय काही सुरू करत नाहीत. एक माणूस गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले सगळे “व्हय म्हाराजा!” म्हणतात. आता कुंडीतल्या झाडासाठी गाव कुठून जमवायचा? म्हणून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं काम माझं. हे झाडासमोर हात जोडून म्हणायचे, “बा देवा म्हाराजा, आज ह्या झाडाक कातर लावतंय, काय चुकला-माकला असात तर पोटात घाल, आणि एकाच्या जाग्यार दोन फुटांदे रे म्हाराजा!” मी स्वयंपाकघरातून, हातात डाव घेऊन, चेष्टेनं ओरडायची, “व्हय म्हाराजा!” मग कात्रीचा आवाज.

शेवटच्या वर्षी मी ते म्हटलं नाही.

कारण सांगायला लाज वाटते. मी नुकतीच फरशी पुसली होती, आणि यांनी वर्तमानपत्र न अंथरता त्यावर कुंडी ओतली. माझं टाळकं फिरलं. गाऱ्हाणं झालं, हे थांबले. मी खोबरं खवत बसले, तोंड बंद. “अगो, व्हय म्हण मगे,” हे म्हणाले. “तुमच्या झाडालाच विचारा,” मी म्हटलं. हे हसले. बाकीच्या फांद्या कापल्या आणि स्वयंपाकघराकडे झुकलेली एक तशीच ठेवली. “ही तुझी. तू व्हय म्हणशीत तेव्हा कापतलंय.” मी म्हटलं, “मग राहू दे तशीच जन्मभर.”

आठव्या दिवशी हे कामासाठी पणजीला गेले आणि बसमध्येच छातीत कळ आली. घरी आणला तो देहच.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या झाडाला कात्री लावली नाही. लोकांना सांगायची, त्यांच्या हातचं आहे, कसं कापू? ते खोटं नव्हतं, पण खरं कारणही नव्हतं. कापायचं तर आधी गाऱ्हाणं हवं, आणि गाऱ्हाण्यानंतर ‘व्हय’ हवं. ते माझ्याकडे अडकलं होतं.

कापत नव्हते तर माया तरी करू, म्हणून मासळी धुतलेलं पाणी घालायची. हे पंधरा दिवसांतून एकदा घालायचे, मी रोज. बांगड्याचं, सुंगटांचं म्हणजे कोळंबीचं, जे असेल ते. पानं ताटाएवढी झाली, पण फूल एक नाही. ती न कापलेली फांदी छतापर्यंत गेली आणि वाशाला लागून आडवी वळली. तिच्या ओझ्यानं झाड एका बाजूला कलंडलं. मी सुतळीनं बांधत राहिले. यंदा पानांखाली कापसासारखी पांढरी कीड आली, आणि मुळांनी कुंडीला तडा दिला.

शिगमो झाल्यावर नणंद आली. दारातच थांबून बघत राहिली. “अगो, ह्या झाडाक तू जगवतंस काय मारतंस?”

मी रडले. मग जे कुणालाही सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं. फरशी, खोबरं, ‘जन्मभर’, सगळं. मला वाटलं ती चिडेल. तिचा पाठचा भाऊ तो. ती मग उठली, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि कुंडीसमोर उभी राहिली. बाईमाणसानं गाऱ्हाणं घातलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

“बा देवा म्हाराजा...” शब्द तेच. शेवटी आवाज वर चढवायची रीतही तीच, एका घरची. “...आणि एकाच्या जाग्यार दोन फुटांदे रे म्हाराजा!”

ती थांबली. माझ्याकडे बघितलं नाही.

खरं सांगते, त्या क्षणीही मला यांचा राग आला. एवढा कसला हट्ट? माणूस रागात काहीही बोलतं, तेवढ्यावरून फांदी ठेवून जायचं?

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

“आयकाक येऊक नाय,” नणंद म्हणाली.

“व्हय म्हाराजा!” मी ओरडले. इतक्या जोरात की शेजारीण कुंपणाशी आली.

नणंदेनं कात्री माझ्या हातात दिली. कुठं कापायचं ते मला कुणी सांगायला नको होतं. पण हे उंच, मी ठेंगणी; खालून मला डोळा नीट दिसेना. मी स्वयंपाकघरातला पाट आणला, त्यावर उभी राहिले, आणि यांचा खांदा यायचा तिथं, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या जरा वर, कात्री लावली.