मोघ्यांवरचे आरोप

भोपाळला, पिपलानीच्या आमच्या कारखान्याच्या क्लबात बुद्धिबळ खेळणारे जेमतेम वीस जण होतो, आणि त्या वीस जणांत प्रामाणिकपणे हरलेला माणूस मी तीस वर्षांत पाहिला नाही. हरायला प्रत्येकाकडे कारण असायचं. ट्यूबलाइट फडफडत होती, चहा उशिरा आला, शेजारचा खुर्ची हलवत होता. कारणं संपली की मग शेवटचं ठेवणीतलं, "समोरच्याने चीटिंग केलं." असे आरोप साठत जातात हो. रिटायर झाल्यावर अवधपुरीत घर बांधलं, सामान हलवताना जुन्या स्कोअरशीट्सचा गठ्ठा निघाला. एकेक कागद बघितला की आठवायचं, या डावात कोण कुणाला काय म्हणालं होतं. त्यातले निम्मे आरोप एकट्या दत्ता मोघ्यांवरचे.

आणि मोघ्यांवर पहिला आरोप मीच केला होता. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

*

मोघे मिरजेचे. कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडून देणारे ऑपरेटर म्हणून लागले आणि भोपाळला आले. वयाच्या सहाव्या वर्षी तापात दोन्ही डोळे गेलेले. मी ड्रॉइंग सेक्शनला होतो. एका संध्याकाळी हे गृहस्थ क्लबात आले, काखेत एक लाकडी पट. त्याच्या प्रत्येक घराला भोक आणि प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी. एक पट त्यांचा, एक माझा. चाल तोंडाने सांगायची, दोघांनी आपापल्या पटावर करायची.

डाव सुरू झाला. माझी चाल झाली की मोघ्यांची बोटं सगळ्या पटावरून फिरायची. पंचविसाव्या चालीला मी अडचणीत आलो आणि मला नियम आठवला. मी म्हणालो, "मोघे, तुम्ही वजिराला हात लावलाय. आता वजीरच हलवावा लागेल."

आमचे पंच होते तिवारीजी, फाउंड्रीतले फोरमन. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं आणि शांतपणे वाचलं, की अंध खेळाडूने खुंटी भोकातून बाहेर काढली तरच हात लावला असं धरायचं.

मोघे एवढंच म्हणाले, "राजवाडे, तुम्ही डोळ्यांनी माझ्या वजिराला किती वेळा हात लावलात, ते मी कुठे मोजलं?"

आणखी दहा चालींत मी हरलो. त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. हरल्याचं काही नव्हतं, पण आपण काय बोललो ते सारखं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमध्ये जाऊन माफी मागितली. हेडफोन बाजूला करून मोघे म्हणाले, "माफी राहू द्या. मला चाली वाचून दाखवायला कुणीतरी हवंय. येता का?"

तेव्हापासून मी त्यांचा मदतनीस. समोरच्याची चाल मोठ्याने सांगायची, त्यांची समोरच्या पटावर करायची, विचारलं तर डावाच्या घड्याळात किती वेळ उरला ते सांगायचं. बाकी तोंड बंद.

*

दुसरा आरोप सक्सेनासाहेबांचा. हे डेप्युटी मॅनेजर, क्लबाचे सेक्रेटरी आणि आमच्यातले सगळ्यात तयार खेळाडू. मोघ्यांशी लागोपाठ दोन डाव हरले आणि कमिटीत म्हणाले, "भाई, मुझे तो लगता है इनको थोड़ा-बहुत दिखता है."

कमिटीने सर्टिफिकेट मागितलं. मोघ्यांनी कारखान्याच्या दवाखान्यातून आणून दिलं. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, पूर्ण अंधत्व, कायमस्वरूपी. पुढच्या वर्षी स्पर्धेच्या आधी पुन्हा नोटीस आली, सर्टिफिकेट चालू वर्षाचं हवं.

मी चिडलो. म्हणालो, "देऊ नका. सरळ तक्रार करू."

"तक्रारीत वर्ष जाईल आणि स्पर्धाही जाईल. दवाखान्यात अर्धा तास जातो."

असं चार वर्षं चाललं. चौथ्या वर्षी मी बरोबर गेलो होतो. डॉक्टर वैतागले. म्हणाले, "मोघेजी, मैंने परमानेंट लिखा है. हर साल क्यों आते हैं?"

मोघे म्हणाले, "क्लब वालों ने अभी उम्मीद नहीं छोड़ी है, डॉक्टरसाहब."

डॉक्टरांनी त्या दिवशी एकाच वेळी दहा सर्टिफिकेटं लिहिली, पुढच्या दहा वर्षांची.

*

मोघेवहिनी त्यांना क्लबात सोडायला यायच्या आणि डाव संपेपर्यंत मागच्या बाकावर स्वेटर विणत बसायच्या. त्यांना घोडा कसा चालतो तेही माहीत नव्हतं. तरी एकदा स्टोअर्समधले एक गृहस्थ हरले आणि तिवारीजींना म्हणाले, "इनकी मिसेज़ की चूड़ियाँ बजती हैं. दो बार बजीं तो घोड़ा, तीन बार बजीं तो हाथी."

हॉलमध्ये हसणं झालं. मोघे हसले नाहीत. पट मिटायला लागले. मी त्यांना एवढं लाल झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

वहिनी उठून पुढे आल्या आणि त्यांचा हात धरला. "पट मिटायचा नाही. मी बाहेर बसते. बांगड्या मात्र काढणार नाही."

आणि त्या बाहेर पायरीवर बसल्या. मे महिना होता. स्पर्धेचे उरलेले पाचही दिवस त्या बाहेरच बसल्या. कुणी खुर्ची दिली तीही घेतली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या क्वार्टरमधल्या दोन बायका येऊन त्यांच्याजवळ बसल्या, शेवटच्या दिवशी पायरीवर जागा नव्हती.

पुढची गोष्ट मोघ्यांनी मला सांगितली. घरी गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "आरोप झालाच आहे, तर आता खेळ तरी शिकवा."

रोज संध्याकाळी स्वयंपाक आवरला की तास-दीड तास बसायच्या. दोन वर्षांनी त्यांनी क्लबाच्या स्पर्धेत नाव दिलं. तिसऱ्या फेरीत समोर आले तेच स्टोअर्सचे गृहस्थ. वहिनींनी त्यांना एकेचाळीस चालींत हरवलं. ते म्हणाले, "मोघेजी ने सिखाया होगा."

"हां, घर पे सिखाया," वहिनी म्हणाल्या. "यहाँ तो चूड़ियाँ ही बजाती हूँ."

*

एकदा टी. टी. नगरला शहराची खुली स्पर्धा होती. तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मोघ्यांचा भाचा परदेशातून आला होता, त्याने मामाला बोलणारं घड्याळ दिलं होतं. दर तासाला ते आपणहून इंग्रजीत वेळ सांगायचं. मोघे नव्या नवलाईने ते घालून आले आणि आवाज बंद करायला विसरले. मीही विसरलो.

चार वाजले. भर डावात घड्याळ खणखणीत बोललं, "इट्स फोर पी एम."

समोरचा कॉलेजचा पोरगा ताडकन उभा राहिला. "सर, इनकी घड़ी ने ई-फोर बोला."

ई-फोर म्हणजे पटावरच्या एका घराचं नाव. पंच धावत आले. मी समजावत होतो, पोरगा ऐकायला तयार नव्हता. दुर्दैव असं की त्या क्षणी मोघ्यांचं प्यादं ई-फोरला ढकलणं हीच सगळ्यात चांगली चाल होती. ते पोरग्यालाही दिसत होतं, मलाही.

मोघे पंचांना म्हणाले, "घंटाभर रुकिए. पाँच बजे ई-फाइव बोलती है कि नहीं, सुन लीजिए." आणि घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं.

पंच म्हणाले, "ठीक है, आप चलिए अपनी चाल."

मोघ्यांची बोटं त्या प्याद्यावर गेली आणि थांबली. मग दुसरीकडे गेली. त्यांनी उंट मागे घेतला. मला बोलायची परवानगी नव्हती, पण मी अस्वस्थ झालो. जिंकायला आलेला डाव पुन्हा बरोबरीचा झाला. पुढे साडेतीन तास खेळून त्यांनी तो जिंकला.

बसमध्ये मी विचारलं, "ई-फोर दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. पण ते खेळून जिंकलो असतो तर तो पोरगा जन्मभर सांगत फिरला असता की घड्याळाने हरवलं. आता त्याला सांगावं लागेल, मोघ्याने हरवलं."

*

एवढं सगळं होऊनही मोघ्यांना कारखान्याच्या टीममध्ये घेत नव्हते. दरवर्षी कंपनीच्या गावोगावच्या सगळ्या युनिट्सची मिळून मोठी स्पर्धा व्हायची. दरवर्षी क्लबाच्या स्पर्धेत मोघे पहिल्या चारांत असायचे आणि दरवर्षी कमिटी लिहायची, "बाहर ले जाने में कठिनाई." पाचव्या वर्षी मोघ्यांनी अर्ज दिला. एकच वाक्य होतं, "मी पहिला आलो तर काय लिहाल?" तिवारीजींनी तो नोटीस बोर्डवर लावला. मग कमिटीला लिहून द्यावं लागलं, की जो पहिला येईल तो जाईल. मोघे त्यानंतर सात वर्षं आमच्या युनिटसाठी पहिल्या बोर्डावर खेळले. ते कसं घडलं, ते सांगतो.

त्या वर्षीच्या क्लबाच्या स्पर्धेची शेवटची फेरी, मोघे विरुद्ध सक्सेनासाहेब. जो जिंकेल तो पहिला. पाच तास झाले तरी डाव संपेना. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे तो दुसऱ्या दिवसावर ठेवला. सक्सेनासाहेबांनी पुढची चाल कागदावर लिहिली, तिवारीजींनी ती पाकिटात बंद करून खिशात घातली आणि दोघांना बजावलं, "घर जाकर खुद सोचिए, किसी से पूछना नहीं है. पूछा तो बाज़ी गई."

दोघांनी मान डोलावली. मोघ्यांची सेकंड शिफ्ट होती. मी त्यांना स्कूटरवर एक्स्चेंजला सोडलं.

सकाळी हॉल भरलेला. वहिनी पहिल्या रांगेत. तिवारीजींनी पाकीट फोडलं. सक्सेनासाहेब भराभर खेळत होते, जणू सगळं पाठ होतं. पाचव्या चालीला त्यांनी हत्ती फुकट देऊ केला. मी पटाकडे पुन्हा एकदा बघून मग चाल वाचली. हत्ती घेतला असता तर त्यांचं प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर झालं असतं, पण हे कळायला मला नंतर घरी अर्धी सकाळ लागली.

मोघ्यांनी हत्तीला बोटही लावलं नाही. राजा एक घर सरकवला. वेळ घेतला नाही, पट चाचपलाही नाही.

सक्सेनासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी पाऊण तास विचार केला. त्यानंतरच्या चाली त्यांना पाठ नव्हत्या, हे सगळ्यांना दिसत होतं. अकराच्या सुमारास त्यांनी घड्याळ थांबवलं, हात पुढे केला, पुन्हा मागे घेतला आणि तिवारीजींकडे वळून म्हणाले, "मैं ये हार नहीं मानता. ये आदमी कल शाम एक्स्चेंज में बैठकर मेरा फोन सुन रहा था."

मोघे मोहरे एकेक करून भोकांतून काढत होते.

तिवारीजींनी पेन खाली ठेवलं.

"कौन-सा फोन, साहब?"