पिठाची बाजू

थापताना भाकरीच्या खालच्या बाजूला पीठ लागतं. तव्यावर टाकायची ती पिठाची बाजू वर करून, मग तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. आमच्याकडे हे परकरी पोरीलाही येतं. लातुरात माझी खानावळ आहे, शिकवण्यांसाठी गावोगावहून आलेली पोरं माझ्याकडे जेवतात. आणि एक दिवस मलाच ते जमेना. पिठाची बाजू तव्याला, पाणी भलतीकडेच. पीठ करपलं, भाकरीला भेगा पडल्या. चुकतंय हे दिसत होतं, तोंडानं मी ‘अगं थांब’ म्हणतही होते, आणि हात पुढची भाकरी तशीच टाकत होता. कळतं पण वळत नाही म्हणतात, ते हेच.

कित्येक महिने झोप रुसली होती. उपाय सांगणाऱ्यांना मात्र ऊत आला होता. जायफळ घ्या, तळपायाला तेल चोळा. शेजारीण म्हणाली, “तुम्ही इचारच लई करता.” म्हणजे बाकीच्या काय बिनविचाराच्या म्हणून घोरतात?

नीट सांगितलं ते डॉक्टरीणबाईंनी. लक्ष एका जागी धरणारा आणि चुकणाऱ्या हाताला आवरणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो, झोप नसली की तो दमतो. हात सवयीनं चालतच राहतात. ऐकून मला फार बरं वाटलं. मी वेडी नव्हते आणि आळशी तर नव्हतेच. त्यांच्या गोळ्यांनी थोडा फरक पडला, फार नाही.

मग एका दुपारी मुलगा घरात आला तर गॅसचा वास. मी बटण फिरवलं होतं, काडी ओढायची राहिली होती, आणि शेजारीच बसून मेथी निवडत होते. वास मलाही येत होता. तो कशाचा, हे डोक्यात शिरत नव्हतं. त्यानं खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर काढला आणि खिशात घातला.

“आई, बास आता. खानावळ बंद.”

“अन् पोरं काय खातील?”

“कुठं बी खातील. तू मरशील एक दिवस इथं.”

मला त्याची कीव आली आणि संतापही आला. त्याचे वडील गेले तेव्हा याच तव्यानं आम्हाला सांभाळलं होतं. तवा सोडून मी काय भिंतीकडं बघत बसू?

दुसऱ्या दिवशी तो दुकानावर गेला आणि मी अंगणात तीन विटा मांडल्या. अंघोळीचं पाणी तापवायला बहिणीच्या शेतातून आणलेल्या तुराट्या होत्याच. तुराटी भस्सकन पेटते आणि लगेच विझते, सारखी आत सारावी लागते. जरा मन भरकटलं की जाळ खाली बसे आणि धूर थेट डोळ्यांत. गॅस माझ्यावाचून जळायचा, ही चूल मला कुठं जाऊ देईना. शिवाय प्रत्येक भाकरीला मी मोठ्यानं म्हणत होते, “पीठ वर.”

शेजारीण भिंतीवरून डोकावली. “कुणासंगं बोलायल्यात?”

“भाकरीसंगं. ती ऐकती तरी.”

संध्याकाळी मुलगा आला तेव्हा पोरं अंगणात पंगत करून जेवत होती. तो माझ्या मागं येऊन उभा राहिला. भाकऱ्या बघितल्या, जाळ बघितला. मग खिशातून रेग्युलेटर काढून माझ्यापुढं धरला. मी हात लावला नाही.

“ठेव तुझ्यापाशीच. गॅस तू पेटवायचा, तूच बंद करायचा. भाकर माझी.”

“आन झोप?”

“यायची तवा येईल. तवर पोरायला उपाशी ठेवू का?”

बोलता बोलता मी पुढची भाकरी उचलली. हात तव्यावर गेला तेव्हा पिठाची बाजू खाली होती.

“आई,” तो मागून हळूच म्हणाला, “पीठ वर.”

“माहीत हाय मला!” मी खेकसले, आणि भाकरी पालटली.